फुलांच्या भाड्यावर चित्रांची भिंत

वरणगावात चित्रांचं दालन काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘इथं कोन येईन भाऊ, चित्रं पाह्याले?’ विचारणारा माणूस वाईट नसतो. तो बहुधा नात्यातला काका असतो, नाहीतर आयुध निर्माणीतून निवृत्त झालेला शेजारी. आपला पोरगा पैसे बुडवू नये एवढीच त्याची इच्छा असते. त्याच दालनात ताजी फुलंही विकायची आहेत असं सांगितलं की दुसरा प्रश्न येतो. तो पुण्या-मुंबईतल्या मित्रांकडून, ज्यांनी प्रदर्शनं पाहिली आहेत, ज्यांना ‘क्युरेशन’ हा शब्द न अडखळता उच्चारता येतो त्यांच्याकडून : ‘मग ते दालन कसलं? ते फुलांचं दुकान झालं.’

गेलं वर्षभर मी हे दोन्ही प्रश्न ऐकतो आहे. माझं म्हणणं असं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नातच आहे. वरणगावसारख्या गावात समकालीन चित्रांचं दालन चालवायचं असेल, तर त्याने फुलं विकावीत. नाइलाज म्हणून, तोंड लपवून नव्हे. फुलं विकल्यामुळेच ते दालन जास्त खरं, जास्त स्वतंत्र होईल. आणि ज्यांना यात कलेचा अपमान दिसतो, त्यांना कलाही फारशी कळलेली नाही आणि दुकानही.

आधी ‘कोण येईल’चं पाहू. छोट्या गावातल्या माणसाला सौंदर्यासाठी पैसे मोजायची सवय नाही, असं आपण गृहीत धरतो. हे धादांत खोटं आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी बाजारात या. दोन दिवसांपूर्वी कुणी विचारत नव्हतं तो झेंडू दुप्पट भावाने जातो आणि माणसं घासाघीस करत का होईना, घेतात. श्रावणात कानबाई बसते तेव्हा घराघरात फुलं लागतात. लग्नातली गाडी, नव्या दुकानाचं दार, पाहुण्याचा सत्कार, शेवटी तिरडी. ज्या वस्तूचा भाकरीसारखा उपयोग नाही, जी उद्या सुकणार हे घेतानाच ठाऊक असतं, तिच्यासाठी गाव वर्षभर पैसे मोजतं. कुणी कधी विचारत नाही, ‘फुलाचा अर्थ काय?’ कुणी म्हणत नाही, ‘मला फुलांतलं काही कळत नाही.’

यावर आक्षेप येतो की ती फुलं देवासाठी, रीतीसाठी असतात. त्यात सौंदर्यदृष्टी कुठे? ज्याने हा आक्षेप घेतला त्याने एखाद्या बाईला गजरा निवडताना पाहिलेलं नाही. ती चार गजरे उचलते, कळ्या किती उमलल्या ते बघते, ओवण दाट आहे की विरळ ते बोटांनी चाचपते, एक बाजूला ठेवते, दुसरा घेते. रीत गजरा घ्यायला सांगते. कोणता घ्यायचा ते तिची नजर ठरवते. ही नजर गावात आहेच. फक्त ती चित्रापर्यंत पोहोचेल असा रस्ता आपण कधी बांधला नाही.

चित्रापर्यंतचा एक रस्ता आपल्याकडे सरकारी आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा. महाराष्ट्रातल्या लहान लहान गावांतली मुलं त्या देतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळाली तर अलीकडच्या नियमाप्रमाणे दहावीला 7 गुण वाढून मिळतात, ‘ब’ला 5, ‘क’ला 3. मीही त्या गुणांसाठीच पोस्टर कलरच्या बाटल्या घेऊन बसलो होतो. पण त्या सगळ्या वर्षांत, जिवंत चित्रकाराने काढलेलं, चौकटीत लावलेलं एकही मूळ चित्र मी माझ्या गावात पाहिलं नाही. हे म्हणजे पोराला पोहण्याची परीक्षा द्यायला लावायची आणि नदी दाखवायची नाही. पुढे मी अभियांत्रिकीला गेलो, त्याचं मला दुःख नाही. पण माझ्याहून चांगला हात असलेली मुलं बॅनर डिझाइन करत बसली आहेत आणि त्यांना कुणी कधी सांगितलंही नाही की याच्यापलीकडे काही असतं.

आता शहरी मित्रांचा मुद्दा : दालनाच्या शेजारी दुसरा धंदा नको, त्याने कला बाटते. या सोवळ्याला इतिहासाचा काडीचा आधार नाही.

मुंबईतलं उदाहरण सगळ्यांत ठसठशीत आहे. केकू गांधींनी 1941मध्ये केमोल्ड सुरू केलं ते चौकटी बनवण्याचा धंदा म्हणून. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या त्या चौकटींच्या दुकानात ते तेव्हाच्या तरुण चित्रकारांची चित्रं लावत. आरा, हेब्बर, हुसेन. रीतसर गॅलरी केमोल्ड निघाली 1963मध्ये, जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर. म्हणजे आधुनिक भारतीय चित्रकलेच्या एका महत्त्वाच्या दालनाच्या आधी वीसेक वर्षं लाकडाच्या पट्ट्या आणि काच यांचा व्यवहार होता. चौकटीमुळे चित्रं बाटली नाहीत. उलट चौकट घ्यायला आलेल्या माणसाला चित्र दिसलं.

यातले के. एच. आरा हे माझ्या मुद्द्यासाठी आणखी महत्त्वाचे. सिकंदराबादजवळच्या बोलारममधून लहानपणी मुंबईला पळून आलेला मुलगा, घरगडी म्हणून राबलेला, मोटारी धुतलेला. चित्रकला स्वतःच शिकला, 1947च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचा संस्थापक सदस्य झाला. आणि जन्मभर त्याने काय रंगवलं? इतर विषय होतेच, पण तो ओळखला गेला फुलदाणीतल्या फुलांसाठी. ज्यांना फुलांच्या शेजारी चित्र म्हणजे हलकं वाटतं, त्यांनी आरांची फुलं एकदा डोळे भरून बघावीत.

त्याच जहांगीरमध्ये 1964पासून 2015पर्यंत समोवार नावाचं उपाहारगृह होतं. तिथे चहाला आलेली किती माणसं येताजाता भिंतीवरचं काही बघून गेली असतील! ते बंद झालं तेव्हा ‘बरं झालं, आता कला शुद्ध झाली’ असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. उलट लोक हळहळले. मग मुंबईत चहा आणि भजी चालतात, तर वरणगावात मोगरा आणि गुलछडी का चालू नये? मुंबईत जे ‘वातावरण’ ठरतं, ते आमच्याकडे ‘दुकानदारी’ कसं होतं?

आणखी मागे जायचं तर आपलीच लेणी आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने लेण्यासाठी 3000 कार्षापणांचा कायम निधी ठेवला. कुठे? विणकरांच्या श्रेणींकडे : 2000 एकीकडे, 1000 दुसरीकडे. त्याच्या व्याजातून तिथे राहणाऱ्या भिक्षूंची वस्त्रं आणि इतर खर्च भागवायचा. मूळ रकमेला हात लावायचा नाही. म्हणजे जवळपास 1900 वर्षांपूर्वी आपल्या माणसांना कळलं होतं की पवित्र जागाही कुणाच्या तरी रोजच्या धंद्यावर उभी असते, आणि ते कोरून ठेवण्यात त्यांना लाज वाटली नव्हती. आम्हाला मात्र दालन चालवायला आधी अनुदान पाहिजे, मग उद्घाटक पाहिजे, मग फ्लेक्स पाहिजे. अशा रीतीने उघडलेल्या सभागृहांचं काय होतं ते सांगायला नको. किल्ली कुणाकडे असते हे शोधण्यात पहिलं वर्ष जातं, आणि दुसऱ्या वर्षी ते शोधणंही थांबतं.

आता हिशेब. कारण भावनेवर दालन उघडता येतं, चालवता येत नाही.

समजा, मुख्य रस्त्यापासून जरा आत एक गाळा घेतला. भाडं महिना 7,000. वीज 1,500. हाताखाली एक माणूस, 9,000. झाले 17,500. हे आकडे मी धरून चाललो आहे. तुमच्या गावात तुमचे घाला. दालन चित्रावर 30 टक्के ठेवतं असं मानू. तर केवळ चित्रांवर हा खर्च काढायला महिन्याला सुमारे 58,000 रुपयांची चित्रं विकली गेली पाहिजेत. 6,000चं एक चित्र धरलं तर दहा चित्रं, दर महिन्याला, बाराही महिने. हे वरणगावात होणार नाही. जळगावातही होणार नाही.

मग दालनवाला काय करेल? जे विकतं ते लावेल. वास्तुशास्त्राचे सात घोडे, राधाकृष्ण, गणपतीची पन्नास रूपं, सूर्यास्तात बैलगाडी. यातलं काहीही काढणं पाप नाही. पण ज्या मुलीला आपल्या गावातल्या बसस्टँडवरची दुपार रंगवायची आहे, किंवा केळीच्या बागेवर वादळ येऊन गेल्यानंतरची सकाळ, किंवा नुसते तीन करडे पट्टे, तिला त्या भिंतीवर जागा नाही. चित्रांनी भाडं भरायचं ठरवलं की पहिला बळी जातो तो नव्या चित्राचा.

आता त्याच गाळ्यात पुढच्या बाजूला फुलं ठेवा. खरेदी आणि नासधूस वजा जाता दिवसाला सरासरी 600 रुपये सुटले तर महिन्याला 18,000. भाडं, वीज, पगार निघाला, वर 500 उरले. मी हे सोपं आहे म्हणत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45च्या आसपास जातो तेव्हा गुलाब दुपारपर्यंत मान टाकतो. पितृपक्षात मागणी पडते आणि नवरात्रात तोंडावर येते. पण हा ओळखीचा, अंदाज करता येण्याजोगा धंदा आहे. आणि तो चालला तर मागच्या भिंतीवर एक चमत्कार होतो : तिथल्या चित्राला विकलं जाण्याची सक्ती उरत नाही. ते महिनाभर नुसतं टांगलेलं राहू शकतं. लोकांना ते आवडलं नाही तरी चालतं. विकलं गेलं तर चित्रकाराला पैसे आणि दालनाला बोनस. नाही गेलं तर कुणाचं काही अडत नाही.

म्हणून मी म्हणतो की फुलांमुळे दालन बाजारू होत नाही. फुलांशिवायचं दालन बाजारू होतं.

चित्राच्या किमतीचंही फुलवाल्याकडून शिकण्यासारखं आहे. मोठ्या शहरातल्या अनेक दालनांत किंमत लिहिलेली नसते. विचारावी लागते, आणि विचारणाऱ्याकडे आधी खालपासून वरपर्यंत पाहिलं जातं. फुलवाली ओरडून भाव सांगते. मार्च 2025मध्ये हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ हे 1954चं चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 37 लाख डॉलरच्या वर गेलं, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘हे आपलं काम नाही.’ चित्र म्हणजे कोट्यवधींची गोष्ट हा समज अशाच बातम्यांनी पक्का होतो. त्या बातमीतला खरा ऐकण्यासारखा भाग वेगळाच होता. ते चित्र कितीतरी दशकं नॉर्वेतल्या ऑस्लोमधल्या एका इस्पितळाच्या भिंतीवर होतं. डॉक्टर, परिचारिका त्याच्यासमोरून रोज ये-जा करत होते. चित्राचं आयुष्य तिथे गेलं. लिलाव ही शेवटची काही मिनिटं. वरणगावातल्या दालनात प्रत्येक चित्राखाली नाव, वर्ष आणि किंमत ठळक लिहिलेली असावी, अगदी जरबेराच्या बादलीवर असते तशी. न घेणाऱ्यालाही कळू दे की माणसाने केलेली ही वस्तू एका मोबाइलपेक्षा स्वस्त आहे.

काही आक्षेप मात्र मला गंभीरपणे घ्यावेसे वाटतात.

पहिला ओलाव्याचा. फुलांना पाणी लागतं आणि कागदाला पाणी चालत नाही. जलरंगाचं चित्र बादल्यांच्या शेजारी पावसाळाभर राहिलं तर त्यावर बुरशीचे ठिपके पडतील. म्हणून फुलं दारात आणि चित्रं मागे, मधे अंतर, कागदावरची चित्रं काचेखाली, भिंतीपासून जरा सुटी. आणि गाळा केळी पिकवणाऱ्या वखारीच्या शेजारी घेऊ नये. पिकत्या केळीतून इथिलीन वायू सुटतो, त्याने फुलं लवकर कोमेजतात. केळीच्या जिल्ह्यात फूलवाल्याने एवढं तरी लक्षात ठेवावं.

दुसरा सजावटीचा. पुण्यातल्या काही कॅफेंत भिंतीवर चित्रं असतात आणि कुणी त्यांच्याकडे बघत नाही. ती पडद्यासारखी होतात. इथेही तसंच होईल? होऊ शकतं. त्यासाठी नियम पाहिजेत. चित्रासमोर फुलदाणी ठेवायची नाही. चित्राला शोभेल म्हणून फुलांचा रंग निवडायचा नाही, आणि फुलांना शोभेल म्हणून चित्र तर मुळीच नाही. एका वेळी एकाच चित्रकाराची चित्रं, महिनाभर. मग बदल. गिऱ्हाईक गुच्छ बांधून होईपर्यंत पाच मिनिटं थांबतंच. ती पाच मिनिटं ही दालनाची खरी मिळकत. त्या वेळात हातात दुसरं काही द्यायचं नाही, गाणी लावायची नाहीत. बघायचं असेल तर बघेल.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जास्त टोचतो. देवळापाशी टोपली घेऊन बसणाऱ्या बाईचं काय? इंजिनियरच्या पोराने हौसेसाठी दुकान टाकायचं आणि तिचं गिऱ्हाईक पळवायचं, ही कुठली संस्कृती? हा प्रश्न दालन काढू पाहणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारलाच पाहिजे. माझं उत्तर : हार, गजरे, पूजेची सुटी फुलं दालनाने स्वतः करू नयेत. ती तिच्याकडून, तिच्या भावाने घ्यावीत आणि ऑर्डर आली तर तिला द्यावी. दालनाने दांड्याची फुलं आणि गुच्छ विकावेत, ज्यांच्यासाठी आज लोक भुसावळला जातात. यात नफा कमी होईल. होऊ दे. ज्या दालनाच्या उंबऱ्यावर एक बाई बेरोजगार झाली, त्या दालनात कष्टकऱ्यांची चित्रं लावायचा अधिकार कुणाला राहील?

चौथा आक्षेप माझ्याच जमातीचा : ‘ॲप काढ ना. गाळ्याला भाडं कशाला?’ माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, त्यामुळे हे बोलायचा मला हक्क आहे. चार फुटांचं चित्र फोनवर अंगठ्याएवढं होतं. जाड रंगाचा उंचवटा, बाजूने पडणाऱ्या उजेडात दिसणारा ब्रशचा ओढा, हे पडद्यावर येत नाही, जसा मोगऱ्याचा वास येत नाही. आणि दुसरं असं की ॲप त्यालाच चित्र दाखवतं जो आधीच चित्र शोधतो आहे. मला जो माणूस हवा आहे, तो शोधत नाहीये. तो बायकोच्या वाढदिवसाला चार गुलाब घ्यायला आलेला, पहिल्या पाळीवरून सुटलेला कामगार आहे. त्याला कुठलंही अल्गोरिदम चित्रापाशी आणणार नाही. गुलाब आणेल.

आमच्या खान्देशात चित्र, फूल आणि दार या तिन्हींची एक गोष्ट आधीपासून आहे, आणि ती मला नेहमी अस्वस्थ करते. चाळीसगावचे केकी मूस. 1912चा जन्म, इंग्लंडमध्ये शिकून आलेले, छायाचित्रकार, चित्रकार, टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यातून अख्खं दृश्य उभं करणारे. स्टेशनजवळच्या आपल्या घरात त्यांनी स्वतःला जवळपास कोंडून घेतलं आणि 1989च्या 31 डिसेंबरला तिथेच गेले. आज ते घर संग्रहालय म्हणून जपलं आहे. आख्यायिका अशी की एक प्रेयसी पंजाब मेलने येईन असं म्हणाली होती; म्हणून रोज रात्री ती गाडी यायच्या वेळी ते दिवे लावत, दार उघडत, टेबलावर ताजी फुलं आणि दोघांचं जेवण मांडत. गाडी जाई. दार बंद होई.

यात खरं किती, जोडलेलं किती, हा वेगळा विषय. पण खान्देशात कलावंत म्हटलं की हीच गोष्ट सांगितली जाते, हे महत्त्वाचं आहे. आम्हाला कलावंत असाच आवडतो : एकटा, विक्षिप्त, बंद दाराआडचा, गेल्यावर पूजनीय. मूस यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. त्या आख्यायिकेवरच्या आपल्या प्रेमाबद्दल नाही. कारण ती आपल्याला सोयीची आहे. कलावंत दार लावून बसला की गावाला काही करावं लागत नाही. भाडं द्यावं लागत नाही, चित्र विकत घ्यावं लागत नाही, पोराला ‘काढ, बघू’ म्हणावं लागत नाही.

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर एक छोटा प्राकृत लेख आहे. वासिठीपुत कटहादी नावाच्या माणसाने या लेण्याचं ‘घरमुख’, म्हणजे दर्शनी भाग, दान दिला, एवढीच नोंद. आत ज्यांनी चित्रं काढली त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण दाराचा खर्च कुणी केला ते दोन हजार वर्षांनी वाचता येतं. कुणीतरी दाराचे पैसे दिल्याशिवाय आतली भिंत रंगत नाही.

वरणगावात असा कटहादी सापडेल याची वाट मी बघत नाही. कुठल्या ट्रस्टची, कुठल्या योजनेचीही नाही. दहा-दहा रुपयांचा गजरा आणि साठ रुपयांचा गुच्छ नेणारे शंभर लोक मिळून ते दार उघडं ठेवू शकतात, असा माझा हिशेब आहे. तो चुकेलही. चुकला तर एक फुलांचं दुकान बंद पडेल, त्यात नवल काही नाही. पण बरोबर आला, तर पुढच्या वर्षी इंटरमिजिएटला बसणारी एखादी मुलगी परीक्षेच्या आदल्या दिवशी फुलं घ्यायला येईल आणि मागच्या भिंतीकडे बघत विचारेल, ‘दादा, हे कोणी काढलं?’ आणि तिला सांगता येईल की तुझ्या मागच्या गल्लीतल्या ताईने.